बाबांनी खूण केलेला मासा

माझ्या बाबांनी आयुष्यात एकाही दुकानदाराच्या तराजूवर विश्वास ठेवला नाही. यात त्यांचा फारसा दोष नव्हता, कारण सरकार त्यांना त्याचाच पगार देत होतं. शौकी बन्हावी, वजनमापं तपासणारे निरीक्षक. कैरोच्या शुब्रा भागात त्यांनी सव्वीस वर्षं ही नोकरी केली. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की भाजीवाला आपणहून दोन टोमॅटो जास्त टाकायचा, आणि बाबा ते दोन टोमॅटो उचलून परत त्याच्या टोपलीत ठेवायचे. "न मागता जास्त देतोय, म्हणजे एरवी कमी देत असणार," असं घरी येऊन आम्हाला सांगायचे.

संशय नोकरीपुरता ठेवला असता तर कुणाची काही तक्रार नव्हती. पण माझी आई इन्शिराह म्हणायची त्याप्रमाणे, लोक घरी आले की जोडे बाहेर काढतात, हा माणूस जोडे काढतो आणि कचेरी अंगावर घेऊनच आत येतो. अंडी उजेडासमोर धरून बघितल्याशिवाय फोडायची नाहीत. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्याला थांबवून ठेवायचं आणि सिलिंडर आधी हलवून बघायचा. रमजानमध्ये शेजारणीने कुनाफ्याची, म्हणजे शेवयांच्या मिठाईची, बशी पाठवली की बाबा विचारायचे, "का पाठवली?"

"रमजान आहे म्हणून," आई म्हणायची.

"रमजान गेल्या वर्षीही होता."

मग आई कपाळावर हात मारून बशी आत न्यायची, आणि पाचच मिनिटांनी बाबा त्यातला मोठा तुकडा खाताना सापडायचे. खाण्यावर त्यांचा राग कधीच नव्हता, राग होता तो वाढणाऱ्यावर.

आणि सगळ्या खाण्यांत त्यांचा जीव माशात अडकला होता. ज्याच्यावर सगळ्यात जास्त प्रेम, त्याच्यावरच सगळ्यात जास्त संशय, असं त्यांचं एकूण होतं. महिना-दोन महिन्यांतून एखाद्या गुरुवारी दुपारी आम्ही गाडी पकडून समुद्राकडे जायचो, रात्री स्वस्तातल्या लॉजवर उतरायचो आणि शुक्रवारी नमाजानंतर मासे खायचो. आता माशांच्या खानावळीत रीत कशी, तर दाराशी बर्फावर मासे मांडलेले असतात. तुम्ही हात लावून निवडायचा, तुमच्यासमोर त्याचं वजन होतं, कसा हवा ते तुम्ही सांगता आणि मासा आत जातो. अर्ध्या तासाने तो गव्हाच्या कोंड्यात भाजून, काळाठिक्कर होऊन बाहेर येतो. बाबांच्या आयुष्यातला मोठा प्रश्न त्या अर्ध्या तासाचा होता. आत गेलेला आणि बाहेर आलेला मासा एकच कशावरून?

म्हणून ते खूण करायचे. आधी कल्ल्यातून दोरा ओवायचे. पण एकदा तो दोरा भाजून आईच्या दातांत अडकला, आणि आई आठ दिवस बोलली नाही. मग त्यांनी नेलकटर धरलं. निवडलेल्या माशाच्या शेपटीला, वरच्या बाजूला, एक तिकोनी खाच. बर्फावर वाकून मासा हुंगायचं निमित्त करायचं आणि टक्. आई आपली शाल पसरून आडोसा करायची, कारण तिला लाज वाटायची. कैरोतल्या एका खानावळीत एकदा खरोखरच बिनखाचेचा मासा ताटात आला. बाबांनी तिथे असा काही तमाशा केला की मालकाने हात जोडले. घरी येताना बाबा गाणं गुणगुणत होते. त्याआधी मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. तिथून पुढे त्यांना आवरणं कठीण झालं.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण मी त्यांची एकुलती एक मुलगी आणि माझ्या लग्नाचा प्रश्न होता. माझं नाव त्यांनी इन्साफ ठेवलं, पण माझ्या वाट्याला तो आला नाही. पहिलं स्थळ आलं ते औषधाच्या दुकानात काम करणाऱ्याचं. तो म्हणाला, माझं घर पाचव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे. बाबा एका सकाळी गुपचूप जाऊन बघून आले. लिफ्ट होती, पण वर जाणारी दोरीच नव्हती. आई म्हणाली, "अहो, पोरगी जिना चढेल की!" बाबा म्हणाले, "जो लिफ्टच्या बाबतीत खोटं बोलतो तो उद्या कशाच्याही बाबतीत बोलेल." दुसरा होता शाळामास्तर. त्याच्यात काहीच खोट सापडेना. शेवटी बाबांनी त्यालाही नकार कळवला, का तर तो त्यांच्या प्रत्येक म्हणण्याला मान डोलावत होता. "माझ्याशी सगळ्याच गोष्टींत पटणारा माणूस नक्की काहीतरी लपवतोय." मी अठ्ठावीस वर्षांची झाले होते. आई रात्री उशीत तोंड खुपसून रडायची आणि मला ते भिंतीतून ऐकू यायचं.

तिसरा रऊफ. अबू कीरचा, म्हणजे अलेक्झांड्रियाच्या टोकाचा. बंदराच्या कचेरीत नकाशे काढायचा आणि तीन महिन्यांच्या कामासाठी कैरोला, मी नोकरी करत होते त्या विभागात आला होता. कमी बोलायचा. माझ्या टेबलावरची पेन्सिल न सांगता टोकदार करून ठेवायचा. मला तो आवडला होता, अगदी मनापासून, आणि म्हणूनच मी धास्तावले होते. त्याने बाबांकडे विचारणा केली तेव्हा बाबा म्हणाले, "मी आधी तुमच्या गावी येऊन बघेन."

"या ना काका," रऊफ म्हणाला. "शुक्रवारी या. मुअल्लिमा फौकियाच्या खानावळीत मासे खाऊ."

तो गेल्यावर बाबांनी मला विचारलं, "याने तीच खानावळ का सांगितली?"

"लहानपणापासून तिथेच खातो म्हणून."

"म्हणजे ओळखीची. म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय."

आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "हे बघ पोरी, हा तिसरा. याला जर यांनी घालवलं ना, तर मी शपथ घेऊन सांगते, मी माहेरी जाऊन बसेन. या वयात!"

तर गाडीत मी एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला आणि मध्ये बाबा. मांडीवर त्यांची पिशवी आणि पिशवीत एक किलोचं पितळी वजन. प्रवासाला निघताना लोक टॉवेल घेतात, माझे बाबा वजन घ्यायचे.

रऊफ स्टेशनवर न्यायला आला होता. बाबांनी त्याला पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, वडील कुठल्या साली वारले? त्याने सांगितलं. बाबांची ही जुनी पद्धत मला माहीत होती. तोच प्रश्न दोन तासांनी ते पुन्हा विचारणार होते.

मुअल्लिमा म्हणजे मालकीणबाई, आणि फौकिया त्या खानावळीचं सर्वस्व होती. काळा झगा, मनगटात जाड बांगड्या आणि आवाज असा की होडीतल्या माणसालाही ऑर्डर ऐकू जावी. तिने रऊफचा कान पकडला, माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि बाबांना म्हणाली, "या हाजी, हवा तो मासा घ्या. सगळे पहाटेचे आहेत."

बाबांनी एकेका माशाचे कल्ले वर केले, डोळे पाहिले, पोट दाबलं. मग पिशवीतून पितळी वजन काढून तिच्या तराजूत ठेवलं.

"माझा तराजू तपासताय?" फौकियाने कमरेवर हात ठेवले.

"तपासलं तर तराजूला राग येत नाही बाई, माणसांनाच येतो."

"मग? बरोबर निघाला का?"

"आज तरी."

मला वाटलं, झालं, इथूनच परत. पण फौकिया खो खो हसली. बाबांनी दीड किलोची एक देखणी बोय निवडली, चकचकीत, पाठीवर निळसर. आईने सवयीने शाल पसरली. बाबा वाकले. टक्. मी पटकन रऊफकडे बघितलं. तो पाठमोरा उभा राहून कोळंबी आणि तिसऱ्या मागवत होता. आईचं तोंड एवढंएवढं झालं होतं.

आम्ही पाण्याच्या अगदी काठावरच्या टेबलाशी बसलो. रोटी आली, तिळाची चटणी आली, लोणच्याची वांगी आली. शुक्रवारची गर्दी होती, आजूबाजूची निम्मी कुटुंबं कैरोहून आलेली होती. बाबा रोटीचा तुकडा मोडत सहज म्हणाले, "वडील तुमचे कुठल्या साली गेले म्हणालात?"

रऊफने तेच साल सांगितलं. वर म्हणाला, "शनिवारी गेले. स्टेशनवर वार सांगायचा राहिला."

आईला हसू आवरेना, तिने तोंडाला रुमाल लावला. बाबांनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. मला वाटलं, जमतंय. अल्ला करो आणि जमो.

आणि मासा आला. कोंड्यात भाजून काळा कुळकुळीत, वर लिंबू-लसणाचं पाणी, वास असा की मेलेला उठून बसेल. बाबांनी ताट आपल्याकडे ओढलं, चष्मा पुसला, वाकून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. शेपटीच नव्हती. जिथे शेपटी असायची तिथे नुसता बोथट, काळा बुंधा होता.

बाबा उभे राहिले.

"हा माझा मासा नाही."

"बाबा, बसा ना," मी म्हणाले.

"मी माझ्या माशाला खूण केली होती! शेपटीला! मासा बदलला म्हणूनच यांनी शेपूट कापून टाकलंय." हे ते शेजारच्या टेबलांनाही ऐकू जाईल असं म्हणाले. शेजारच्या टेबलांनी खाणं थांबवलं. एका बाईने आपल्या नवऱ्याच्या ताटाकडे संशयाने बघितलं.

फौकिया टेबलांमधून वाट काढत आली. हसू मघाशीच पुसलं गेलं होतं. "हाजी, तीस वर्षं मी इथे उभी आहे. माझ्या तराजूत वजन टाकलंत, मी हसून सोडून दिलं. पण चोर म्हणायचं नाही."

"मी डोळ्यांनी बघतोय ते बोलतोय."

"मग तुमच्या मुलीच्याच डोळ्यांना दाखवते. चल गं पोरी!" आणि तिने माझं मनगट धरून मला भट्टीकडे नेलं. मागे वळून मी एकदा रऊफकडे बघितलं. तो खाली टेबलाकडे बघत होता.

आत धूर कोंडला होता. भट्टीच्या शेजारी लाकडी फळी, फळीवर मोठी कात्री आणि खाली एक पत्र्याचा डबा. "भाजायच्या आधी आम्ही शेपूट आणि पर कापून टाकतो," फौकिया म्हणाली. "नाहीतर ते जळतात आणि सगळा मासा कडू होतो. अबू कीरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. तुमच्या कैरोत शेपटीसकट भाजतात आणि तोंडं वाकडी करून खातात." तिने डब्यात हात घातला, चाळवाचाळव केली आणि एक शेपूट माझ्या डोळ्यांसमोर धरलं. वरच्या बाजूला तिकोनी खाच.

हातच्या कांकणाला आरसा कशाला! मासा बाबांचाच होता. बाबा चुकले होते, आणि तेही भर गर्दीत.

"आता हे मी तुझ्या बापाच्या ताटात नेऊन ठेवते," फौकिया म्हणाली.

"नको, मावशी, पाया पडते." मी रडायच्या बेतात आले होते. "एवढं केलंत तर माझं लग्न इथेच संपलं. ते पुन्हा या गावात पाऊल ठेवणार नाहीत."

"आणि माझी अब्रू?"

तिचं म्हणणं बरोबरच होतं. ती शेपूट मुठीत घेऊन निघाली आणि मी तिच्या मागे धावले.

बाहेर रऊफ उभा होता. हात समोर बांधून, शाळेत उभं केल्यासारखा. तो बोलत होता तेही सगळ्यांना ऐकू जाईल असंच.

"काका, तुमचं बरोबर आहे. मासा बदलला. पण यांचा दोष नाही, मीच बदलायला सांगितला. तुम्ही निवडलेल्यापेक्षा आत आणखी ताजा होता, अर्ध्या तासापूर्वीच होडीतून आलेला. तुम्हाला आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून बोललो नाही. विचारायला हवं होतं. माफ करा."

आजूबाजूला 'अच्छा, अच्छा' झालं. कुणीतरी म्हणालं, "बिचाऱ्याने चांगल्यासाठीच केलं." फौकिया जागच्या जागी थांबली. रऊफने तिच्याकडे फक्त पाहिलं. तिने मूठ घट्ट मिटली, पुटपुटत काहीतरी म्हणाली आणि पुन्हा धुरात शिरली. तिची अब्रू वाचली होती, बाबांचीही वाचली होती. बाबा सावकाश खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर कैरोतल्या त्या दिवसाचा आनंद होता.

"बघा," ते आईला म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं?" आणि मग एक घास खाऊन, "बदललेला मासा मात्र चांगला आहे हं."

मी खात होते, पण तोंडात चव नव्हती. मला रऊफचे पाय धरावेसे वाटत होते. आणि त्याच वेळी मनात एक बारीक काटा टोचायला लागला होता. काय सहज बोलला तो! अडखळला नाही, खाली पाहिलं नाही, अर्ध्या तासापूर्वीची होडीसुद्धा त्याने जागच्या जागी तयार केली. शेवटी मी शौकी बन्हावींची मुलगी. खाण तशी माती.

जेवणानंतर आई-बाबा चहाची वाट बघत बसले आणि मी रऊफला समुद्राच्या कठड्याशी गाठलं. खानावळीकडे पाठ करून उभी राहिले. ठरवलं होतं, एक संधी द्यायची. फौकियाने आत मला नेमकं काय दाखवलं हे त्याला माहीत नव्हतं.

"खरं सांग," मी विचारलं, "मासा तू बदलायला सांगितला होतास?"

त्याने क्षणभर माझ्याकडे, मग माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला. "मीच."

काही बोलायच्या आत बाबांचा आवाज आला, "चला, चहा निवतोय!" आणि आम्ही गेलो.

परतीच्या गाडीत बाबा म्हणाले, "इन्शिराह, मुलगा चांगला आहे. चूक केली, पण कबूल केली. चूक कबूल करणारा माणूस मी सव्वीस वर्षांत पाहिला नव्हता." आई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. बाबांनी मला विचारलं, "तुझं काय म्हणणं?" आता मी काय सांगणार? नको म्हणायचं तर कारण द्यायला हवं, आणि कारण म्हणजे ते शेपूट. मी हो म्हटलं. माझं त्याच्यावर प्रेम होतं म्हणून म्हटलं, हेही खरंच आहे.

लग्न झालं, मी अलेक्झांड्रियाला आले, दोन मुलं झाली. आणि मी आठ वर्षं माझ्या नवऱ्यावर पाळत ठेवली. हे सांगायला लाज वाटते, पण लपवून काय करू? उशीर झाला म्हणाला की मी त्याच्या कचेरीत फोन करून विचारायची, साहेब कधी निघाले? आईकडे गेलो होतो म्हणाला की दुसऱ्या दिवशी मी सासूला विचारायची, काल काय स्वयंपाक केला होतात? एकदा तर त्याच्या मागे मागे चालत गेले. तो औषधाच्या दुकानात शिरला आणि मुलाच्या खोकल्याचं औषध घेऊन बाहेर आला. ते मीच आणायला सांगितलं होतं. आठ वर्षांत एकदाही तो खोटा सापडला नाही. दुसऱ्या कुणी यावरून सुटकेचा निःश्वास टाकला असता. मी म्हणायची, इतक्या सफाईने बोलणारा माणूस सापडेल कसा?

त्याने कधी तक्रार केली नाही. फक्त मला "निरीक्षक बाई" म्हणायचा. घरात शिरताना दारातच हात वर करून उभा राहायचा, "घ्या निरीक्षक बाई, झडती घ्या." मुलं हसायची. मीही हसायची आणि झडती घ्यायची.

गेल्या वसंतात आई-बाबा शुक्रवारसाठी आले. बाबांना आता डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही. आम्ही फौकियाच्याच खानावळीत गेलो. आई मुलांना घेऊन पाण्याच्या पायऱ्यांवर उतरली, रऊफ बर्फाशी मासा निवडत होता. आजकाल बाबा बसून राहतात आणि मासा जावयाला निवडू देतात. आई म्हणते, हा चमत्कार पाहायला ती जगली.

बाबा पाण्याकडे बघत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "इन्साफ, एक विचारू? त्या दिवशी तू आत गेली होतीस."

माझ्या हातातली रोटी तशीच राहिली.

"मासा खरंच बदलला होता का गं? की माझाच होता?" ते माझ्याकडे बघत नव्हते, बोटाने टेबलावरचं मीठ गोळा करत होते. "आठ वर्षं डोक्यातून जात नाही. मला कधी कधी वाटतं, पोराने माझी लाज राखली. तसं असेल तर मी भर लोकांत एका बाईला चोर म्हटलं, आणि खुळ्यासारखा खूश होऊन जेवलो. सांग ना. तू माझ्याशी खोटं बोलणार नाहीस."

इतका लहान झालेला आवाज मी बाबांचा कधी ऐकला नव्हता.

"बदललाच होता बाबा," मी म्हणाले. "रऊफनेच सांगितलं होतं. मी आत स्वतः बघितलं."

"नक्की?"

"नक्की."

"हं." त्यांचे खांदे सैल झाले. "मला वाटलंच होतं. माझी खूण कधी चुकली नाही." आणि ते हात धुवायला उठून गेले.

मी तिथे बसून राहिले. एका वाक्यासाठी मी नवऱ्याला आठ वर्षं पिंजऱ्यात उभं केलं होतं, आणि तेच वाक्य माझ्या तोंडून जराही न अडखळता निघालं होतं. मला माझीच भयंकर शरम वाटली.

रऊफ येऊन समोर बसला. हात बर्फाने लाल झाले होते. मी म्हणाले, "त्या दिवशी फौकिया मावशीने मला शेपूट दाखवलं होतं. खाच असलेलं. मला पहिल्यापासून माहीत आहे."

तो चकित होऊन माझ्याकडे बघत राहिला. "पहिल्यापासून?"

"मी कठड्याशी तुला विचारलं होतं. मलाही तू खोटंच सांगितलंस. मला का?"

"अगं, तुझे बाबा तुझ्या मागेच उभे होते," तो म्हणाला. "चार पावलांवर. चहाला बोलवायला आले होते. त्यांच्यासमोर काय सांगणार होतो?"

मी मागे वळून बघितलंच नव्हतं. ज्या बाईने आठ वर्षं कुणालाही नजरेआड होऊ दिलं नाही, तिने तेव्हा एकदा मान वळवली नव्हती.

"मग नंतर का नाही सांगितलंस? घरी? एवढ्या वर्षांत?"

"तू पुन्हा विचारलंच नाहीस," रऊफ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "नुसती बघत राहिलीस. मला वाटायचं, बापावर गेली आहे, त्याला कोण काय करणार."

बाबा हात पुसत परत येत होते. एका डोळ्याने वाट चाचपत, खुर्च्यांना धरत. रऊफ उठला आणि त्यांना आणायला गेला.